आईचं सगळं वहिनी एकटी बघते. लांब राहून नेमकी कोणती मदत करता येते?

पुण्यातला_डिचोलकर

घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. आई ८१ वर्षांची, आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात, उजवी बाजू लुळी. धरून बसवलं तर बसते, उभी राहत नाही. डायपर लागतो. पातळ काही प्यायला दिलं की ठसका लागतो. तिन्हीसांजेला गोंधळते, घरातल्यांना ओळखत नाही. दादा वेर्ण्याला कारखान्यात पाळीवर, पुतण्या बारावीला, ताई मडगावला, मी पुण्यात. म्हणजे चोवीस तास वहिनीच.

पैसे पाठवतो. ‘काही लागलं तर सांग’ म्हणतो, ती ‘काही नको’ म्हणते. तिचं वय ५२, कंबर धरलेली, रात्रीची झोप तुटक. ‘तिला समजून घ्या’ हे कळलंय. मला हवंय ते असं: काय विकत घ्यायचं, कुठलं काम लांबून उचलता येतं, सरकारी काय मिळतं, आणि बाहेरगावी राहणारे आम्ही नेहमी चुकतो कुठे.

वॉर्ड_क्रमांक_सात

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आजपासून बंद करा. मदत कुठली मागावी हे शोधण्याचं कामही त्यात तिच्याच गळ्यात पडतं. त्याऐवजी ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेलं काम असं बोला. ‘दर महिन्याच्या एक तारखेला औषधं घरपोच येतील, ते माझ्याकडे’, असं.

आधी एक कागद करायचा. सलग तीन दिवस, चोवीस तासांत कोण काय करतं ते तासातासाने लिहायचं. वहिनींना लिहायला लावू नका, पुतण्याला सांगा किंवा रात्री फोनवर विचारून तुम्ही लिहा. डायपर, अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं (एकेका जेवणाला ४०-४५ मिनिटं जातात, हे घरातल्या बाकीच्यांच्या गावीही नसतं), औषधं, धुणं, डॉक्टरांचे फोन, आल्या-गेल्याचा चहा. मग त्याच कागदावर तीन खुणा करा. एक, जे शिकलेल्या हातानेच व्हावं: भरवणं, कूस बदलणं, डायपर. दोन, जे घरातलं कुणीही करू शकतं. तीन, जे घरात नसलेला माणूसही करू शकतो.

तिसऱ्या खुणेची कामं पूर्ण तुमची. औषधं संपायच्या सात दिवस आधी मागवणं, डायपर-ग्लोव्हजचा साठा मोजणं, डॉक्टरांची वेळ घेणं, चाचण्यांचे अहवाल एका फाइलीत लावणं, वीजबिल, गॅस, पेन्शन, सरकारी अर्ज. आणि औषधांचा तक्ता: नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कुठल्या तारखेपासून. प्रत्येक बदलानंतर नवा तक्ता छापून घ्यायचा आणि जुना फाडून टाकायचा. भिंतीवर दोन तक्ते राहिले की एक दिवस चुकीचा वाचला जातो, आणि तो नेमका रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असतो.

आता सुट्टीचं. वहिनींना मोकळीक तीन मापांत लागते. रोज सलग एक तास घराबाहेर. आठवड्यातून एक सबंध अर्धा दिवस. वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस. यातलं पहिलं दादाने पाळीनुसार द्यायचं, दुसरं ताईंनी, तिसरं तुम्ही. तुम्ही दहा दिवस येणार असाल तर पहिले दोन दिवस वहिनींसोबत प्रत्येक काम हाताने करून बघा आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जाऊ द्या. हे दोन दिवस धरले नाहीत तर माहेरी बसूनही त्या फोनवर ‘गोळी कुठली, डायपर कुठे’ हेच सांगत राहतात.

आणि कृपा करून ही सुट्टी चवथीला धरू नका. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, माटोळी, नैवेद्य, आरत्या, आणि आईंचं सगळं त्यावर वेगळं. त्या पाच दिवसांत तुम्ही आलात तर मदतनीस म्हणून या. खरी सुट्टी जून-जुलैत किंवा जानेवारीत द्या.

कंबर_सांभाळा

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. वहिनींची कंबर दुखते याचं कारण बहुतेक वेळा पलंग. घरातला साधा पलंग जमिनीपासून ४५ सें.मी.च्या आसपास असतो. त्यावर डायपर बदलायचा म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा ओणवं होऊन काम. काम करणाऱ्याच्या कमरेएवढी उंची हवी, साधारण ७० ते ७५ सें.मी.

इथेच लोक फसतात. दोन दांड्यांचा ‘फाउलर’ पलंग आणतात. त्याने डोक्याकडची आणि गुडघ्याकडची बाजू वर होते, पण पूर्ण पलंगाची उंची बदलत नाही. पैसे जातात आणि कंबर तशीच राहते. दुकानात विचारायचं ते ‘हाय-लो आहे का?’ वैद्यकीय सामान भाड्याने देणारी दुकानं म्हापसा, पणजी, मडगावात मिळतात. महिनाभर भाड्याने घेऊन बघा, मग विकत घ्यायचा का ते ठरवा. हाय-लो परवडत नसेल आणि आई अजून उभ्या राहत नसतील, तर आहे त्या पलंगाच्या चारही पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे. खाच हवीच, नाहीतर पाय घसरतो. मात्र खुर्चीत बसवायला सुरुवात झाली की ठोकळे काढायचे, कारण काठावर बसल्यावर रुग्णाचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

वर सरकवताना बगलेत हात घालून ओढायचं नाही. उजवा हात धरून तर मुळीच नाही. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. पद्धत अशी: पलंगाचं डोकं आधी सपाट करा. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी अर्धी चादर कायम खाली घातलेली असू द्या. दोघांनी दोन बाजूंनी ती अंगालगत गुंडाळून धरायची, आईंना डावा पाय दुमडून टाच रोवायला सांगायचं, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून सरकवायचं, उचलायचं नाही. एकटीला करायचं असेल तर चादरीखाली जाड प्लास्टिकची मोठी कोरी पिशवी घाला, घर्षण कमी होतं. काम झालं की पिशवी काढून घ्या, त्यावर झोपवू नका.

बसवताना आधी गुडघ्याकडचा भाग वर, मग डोकं. उलटं केलं की त्या खाली घसरतात, माकडहाडाची कातडी ताणली जाते आणि जखम तिथूनच सुरू होते.

खुर्ची किंवा कमोड-खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, म्हणजे आईंच्या डाव्या हाताला, पलंगाशी थोडी तिरकी. ब्रेक लावलेले. वहिनींनी आपल्या गुडघ्याने आईंचा उजवा गुडघा अडवायचा, हात कमरेच्या पट्ट्यावर (रुंद, बक्कल असलेला; साडीचा काठ किंवा गाऊन धरून नव्हे). आईंनी पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. मग वळून बसवायचं. फिजिओथेरपिस्टकडून हे घरी येऊन एकदा दादा आणि पुतण्या दोघांनाही शिकवून घ्या. ‘तो बारावीला आहे’ हे कारण दिवसातल्या दहा मिनिटांसाठी लागू होत नाही.

कमोड-खुर्ची घेताना एका बाजूचा हात निघणारी किंवा खाली पडणारी घ्या. जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूला, मध्ये उंबरा आणि एक पायरी. तिथे चाकाची खुर्ची ओढण्यापेक्षा खोलीतच अंग पुसलेलं बरं.

पुण्यातला_डिचोलकर

फाउलरच घेणार होतो, थांबवलंत. एक विचारायचं राहिलं. दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलंय. वहिनी रात्री बारा, दोन, चारला गजर लावून उठते. हवेची गादी आहे. पावसात वीज गेली की ती बसते आणि मग पंचाईत. काय करायचं?

वॉर्ड_क्रमांक_सात

दोन तास हा साध्या गादीचा हिशोब आहे. दाब आळीपाळीने बदलणारी हवेची गादी नीट चालत असेल, कातडी स्वच्छ असेल, पोषण बरं असेल तर रात्री हे अंतर तीन-चार तासांपर्यंत नेता येतं. पण मनाने नको, घरी येणाऱ्या नर्सला किंवा डॉक्टरांना कातडी दाखवून. आधी तीन तास करून बघा. सकाळी माकडहाड, दोन्ही नितंबांची हाडं, टाचा, घोटे, लुळ्या बाजूचं कोपर बघायचं. लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर कातडी अजून शाबूत आहे. पांढरी पडतच नसेल तर ती जखमेची पहिली पायरी: त्या बाजूवर झोपवणं बंद, आणि अंतर परत दोन तास. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा आणि टणकपणा हाताने बघावा लागतो. लाल भागावर चोळायचं नाही. ‘मालिश करा, रक्त येईल’ हा जुना सल्ला सोडून द्या.

चार तास जमलं तर रात्रीचे दोन वाटे करा. दहा ते दोन एकाचा, दोन ते सहा दुसऱ्याचा. दादाची रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात पहिला वाटा त्याचा, आणि तेव्हा वहिनी दुसऱ्या खोलीत, दार लोटून. त्याच खोलीत झोपून ‘माझी पाळी नाही’ असं होत नसतं, आईंनी कूस बदलल्याच्या आवाजालाही जाग येते.

गादीचं. पंपाला अगदी थोडी वीज लागते, साधारण दहा वॉटच्या आसपास, पंपावर लिहिलेलं असतं. घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो. इन्व्हर्टरची लाइन त्या खोलीतल्या सॉकेटला जोडलेली नसते, एवढंच बहुतेक घरांत राहून जातं. इलेक्ट्रिशियनला बोलवून तेवढा एक सॉकेट जोडून घ्या. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्याबरोबर पंपाकडून नळ्या काढून त्यांची तोंडं बंद करा (काही गाद्यांना झाकणं येतात, नसतील तर दुमडून चिमटा लावा). हवा बराच वेळ टिकते. पण ती स्थिर राहते, आळीपाळीने बदलत नाही, म्हणून तेवढ्या वेळेपुरतं परत दोन तासांचं वेळापत्रक.

गादी ‘बसली’ का, हे तपासायला तळहात गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवा. वर किमान एक इंच फुगीर गादी जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर ती गादी नसल्यात जमा. वर जाड गोधडी घालू नका, सगळा फायदा जातो. एक पातळ चादर आणि अर्धी चादर, बस्स.

टाचांसाठी पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. मधे भोक असलेली रिंग किंवा डोनट उशी आणू नका. भोकाच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

ऑक्सिजन यंत्र तुमच्याकडे नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी: पाच लिटरच्या यंत्राला तीनशे-साडेतीनशे वॉट लागतात, घरचा इन्व्हर्टर त्यावर तीन-चार तासच टिकतो. तिथे भरलेला सिलिंडर राखीव हवाच.

काणकोण_कडून

पावसाळ्याचं एक राहिलं. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, आणि दमट चादर म्हणजे जांघेत बुरशी. अर्ध्या चादरी निदान सहा, मेणकापड दोन, सुती गाऊन पाठीमागून उघडणारे पाच-सहा. जुन्या सुती साड्या फाडून अर्ध्या चादरी उत्तम होतात, विकतच्यांपेक्षा लवकर वाळतात. पंख्याखाली दोरी बांधा, पण आईंच्या खोलीत नको, ओल तिथेच राहते. डायपर तीन-चार तासांनी बघायचा, शौच झालं तर लगेच बदलायचा. दर वेळी साबण नको, कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडं करा. मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात. टाल्कम पावडर नको, ओल्या जागी गोळे होऊन कातडी कापते. जांघेत लाल, कडेला बारीक पुरळ दिसलं तर ती बुरशी, झिंकने जात नाही, डॉक्टरांकडून मलम घ्या.

मामलेदार_कचेरी

कागदांचं सांगतो. हे सगळं पुण्यातून होतं, एक-दोन फेऱ्या सोडल्या तर.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (अपंगांचं देशभर चालणारं ओळखपत्र). स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. पक्षाघातात तपासणी साधारण सहा महिने उलटल्यावर होते, तुमचे आठ झालेत, तेव्हा आता करा. ४० टक्के किंवा जास्त असेल तरच बहुतेक सवलती लागू होतात. तपासणीला न्यायचा दिवस आधी ठरवून घ्या. सकाळी बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा रुग्णालयात नेऊन तिथे तासन् तास स्ट्रेचरवर बसवणं आईंना आणि वहिनींना दोघींनाही जड जातं. ताईंनी पुढे जाऊन रांग धरावी.

गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना: ज्येष्ठांना महिना २,००० रुपये. आई आधीच घेत असतील तर हयातीचा दाखला वेळेवर जातोय का बघा. माणूस अंथरुणाला खिळला की दाखला राहून जातो आणि पैसे थांबतात. वडिलांची कुटुंब पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. ८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. हे काम पुतण्याचं, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेलच (तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख). ते रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेली बाई, डायपर, गादी त्यात बसत नाही. लोक ते धरून चालतात आणि बजेट कोसळतं. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेनुसार’. कायद्यात आहे म्हणजे खात्यात येईल असं नाही.

बँक. आईंना सही जमत नाही म्हणून बँक पैसे अडवते, हे चुकीचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार आजारी, वृद्ध खातेदार बँकेत येऊ शकत नसेल तर अंगठ्याचा (हाताचा, तो जमत नसेल तर पायाचा) ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. घरी येऊन करायला लेखी अर्ज द्या. त्याहून सोपं म्हणजे आई अजून ओळखतात, समजतात तोवर खातं ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ असं संयुक्त करून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका: देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते कायद्याने संपतं, आणि तुम्हाला त्याची गरज नेमकी तेव्हाच असते.

आयकर. आईंचा खर्च जो करतो त्याला, अपंग अवलंबिताच्या देखभालीसाठी ७५,००० रुपयांची वजावट. अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. बिलं दाखवावी लागत नाहीत, प्रमाणपत्र लागतं. पण फक्त जुन्या करप्रणालीत.

केंद्र सरकारी नोकरीत कुणी असेल तर अपंग आई-वडिलांचा मुख्य काळजीवाहक म्हणून नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. दादा खासगीत आहे, त्याला हे लागू नाही. त्याच्यासाठी पाळी कायमची ठरवून मिळते का, हे व्यवस्थापनाकडे लेखी मागणं एवढंच.

पुण्यातला_डिचोलकर

एक नाजूक विषय. वहिनीने नोकरी सोडली आईसाठी. तिच्या नावावर काहीतरी व्हावं असं मला आणि ताईला वाटतं. आईने मृत्युपत्रात तिला घर द्यावं का?

मामलेदार_कचेरी

गोव्यात महाराष्ट्रासारखं नाही चालत. आई-वडिलांचं लग्न इथल्या नेहमीच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालं असेल तर सगळ्याचा अर्धा वाटा आईंचा, अर्धा वडिलांचा. वडिलांचा अर्धा त्यांच्यामागे मुलांकडे आलेला आहे. उरला आईंचा अर्धा. त्यातलाही अर्धा वारसांसाठी राखीव, तो मृत्युपत्राने हलवता येत नाही. म्हणजे आई मनाप्रमाणे देऊ शकतात तो मूळ मालमत्तेचा चौथा हिस्सा. ‘घर सुनेच्या नावावर’ असं एका ओळीत होत नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन इथे भागत नाही, विशेष नोटरीसमोरच करायचं, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, साध्या नोटरीकडे नव्हे (२०१२चा गोवा वारसा कायदा). आणि आईंचा तिन्हीसांजेचा गोंधळ बघता सकाळची वेळ घ्या, त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. आधी वकिलाला विचारा.

एक गोष्ट लोक विसरतात. दादा-वहिनींचं लग्नही सामाईक पद्धतीचं असेल तर दादाला जे वारशाने येईल त्यात वहिनींचा अर्धा आहेच.

पण तुमचा प्रश्न वारशाचा नाहीच, असं मला वाटतं. ती मालमत्ता पंधरा वर्षांनी येईल, कंबर आज दुखते आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम वहिनींच्या स्वतःच्या खात्यात टाका, घरखर्चाच्या खात्यात नाही. नवऱ्याच्या भावाकडून आलेली भेट करमुक्त आहे, रकमेला मर्यादा नाही. वर्षभर पाठवून बघा, मग मृत्युपत्राचं बोला.

सासष्टीकर

एवढं सगळं करण्यापेक्षा ब्युरोकडून बाई ठेवा आणि मोकळे व्हा.

वॉर्ड_क्रमांक_सात

@सासष्टीकर, बाई ठेवा, जरूर ठेवा, पण मोकळं कुणी होत नाही. तिला शिकवणं, तिची सुट्टी, तिचं जेवण, ती अचानक गेली की दुसरी शोधणं, हे परत वहिनींवरच येतं. म्हणून ब्युरोशी बोलणं, पैसे, बदली माणूस हे डिचोलकरांनी पुण्यातून सांभाळायचं.

विचारायचे प्रश्न: बारा तास की चोवीस? चोवीस तासांची असेल तर तिच्या झोपेचे तास कोणते? पक्षाघाताचा रुग्ण आधी सांभाळलाय का? आली नाही तर किती तासांत दुसरी देता? पोलीस पडताळणी झालीय का? आणि परिचारिका व मदतनीस यातला फरक लक्षात ठेवा. मदतनीस बाईने इंजेक्शन देणं, नाकातली नळी बदलणं, जखमेवरचं कातडं कापणं यातलं काहीही करू नये, ‘मला येतं’ म्हणाली तरी.

पहिली पसंती रात्रीच्या पाळीला. बहुतेक घरं दिवसाची बाई ठेवतात, कारण दिवसा काम दिसतं. पण माणूस मोडतो तो झोपेअभावी. आठवड्यातल्या तीन रात्री जरी बाई असली तरी फरक पडतो.

कान_देणारी

वहिनींच्या मनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायला झारिट प्रश्नावली वापरतात: २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८८. ‘कसं वाटतंय?’ला ‘बरं आहे’ असं उत्तर येतं. ‘स्वतःसाठी वेळ उरत नाही असं किती वेळा वाटतं?’ला खरं उत्तर येतं. ताईंनी तीन महिन्यांनी एकदा एकांतात विचारावं, दादाच्या किंवा आईंच्या समोर नको. आकड्यापेक्षा तो चढतोय का, हे बघा.

हा विषय गोव्याला नवा नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांना मदत करून काय होतं, याचा अभ्यास इथेच झाला, २००८मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबं होती. स्थानिक भाषा येणारे, थोडं प्रशिक्षण दिलेले सल्लागार घरी जायचे, आजार समजावायचे, चिडणं-भटकणं कसं हाताळायचं ते सांगायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. त्यात महागडं काहीच नव्हतं. घरी येणारं, ऐकणारं, माहितगार माणूस, इतकंच. ताईंचा तो अर्धा दिवस तसा वापरता येईल.

धोक्याच्या खुणा: रुग्ण झोपल्यावरही झोप न लागणं, आईंवर हात उगारावासा वाटणं (हे येतं, लाजेने कुणी बोलत नाही), स्वतःच्या गोळ्या चुकवणं, ‘सगळं संपावं’ असं बोलणं. शेवटचं ऐकू आलं तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. ज्येष्ठांसंबंधी कुठलीही माहिती हवी तर १४५६७. वहिनींची रक्तदाब-साखर तपासणी आईंच्याच तपासणीच्या दिवशी लावून टाका, वेगळी वेळ काढून त्या जाणार नाहीत.

तिन्हीसांजेच्या गोंधळाला: चारनंतर चहा नको, अंधार पडायच्या आधी दिवे लावा, टीव्हीच्या बातम्या बंद. तुमचा व्हिडिओ कॉल त्याच वेळी नको, आवाज येतो पण माणूस दिसत नाही म्हणून त्या आणखी बावरतात. सकाळी अकराला करा. आणि गोंधळ एकदम एका-दोन दिवसांत वाढला तर ते वय नव्हे: लघवीचा संसर्ग, शौच साचणं, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टर.

पुण्यातला_डिचोलकर

सगळं उतरवून घेतलं. रात्रीच्या बाईसाठी उद्याच फोन करतो. शेवटचं: पेज. आईला उकड्या तांदळाची पेज लागतेच, आणि तिलाच ठसका लागतो. घट्ट केली तर नको म्हणते.

काणकोण_कडून

पेजेत निवळ वेगळी आणि शितं वेगळी. पातळ आणि घन एकाच घासात, हे गिळायला सगळ्यात अवघड: शितं चावेपर्यंत निवळ घशात उतरते. पूर्ण मिक्सरमधून काढा आणि गाळणीने गाळा. एकजीव झाली पाहिजे. चमचा तिरका केला की सावकाश, एका गोळ्यात घसरायला हवी, धार लागता कामा नये. थंड होताना ती घट्ट होते म्हणून दाटपणा भरवायच्या वेळी तपासा, चुलीवर नाही. आणि उष्टा चमचा वाटीत परत बुडवू नका. लाळेने तांदळाची पेज पातळ होते, शेवटच्या चार चमच्यांना ठसका लागतो तो त्यामुळेच. दोन वाट्या घ्या, मोठीतून छोटीत थोडी थोडी काढा.

बसवून, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा, जिभेच्या डाव्या बाजूला, कारण उजव्या गालात घास साठून राहतो. गिळल्यावर ‘आ’ म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरता आला तर पुढचा घास नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, उजवा गाल बोटाला कापड गुंडाळून साफ करायचा. चवीला लोणच्याचा खार चालेल, फोड नको. पेजेचा कंटाळा आला तर नाचण्याचं तिजण, गुठळ्या मोडून. ताप, छातीत घरघर, जेवताना वरचेवर खोकला असं काही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, आणि एकदा गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून दाटपणा ठरवून घ्या. तो ठरला की वाटीचा फोटो काढून स्वयंपाकघरात चिकटवा, ताईंना आणि रात्रीच्या बाईला तोंडी सांगत बसावं लागणार नाही.